हवालदाराचं कुंपण

फौजेतून हवालदार होऊन आबा कायमचे घरी आले तेव्हा माझ्या जोडीच्या पोरींना हळद लागत होती, आणि मी आष्ट्याच्या रस्त्यालगतच्या आमच्या मळ्यात कमरेएवढ्या खड्ड्यात उभी राहून पहारीनं मुरूम उकरत होते. आई बांधावरून ओरडायची, "आवं, लग्नाची पोर हाय ती. हाताला घट्टं पडल्यावर कोन करील तिला?" आबा ओळंब्यावरची नजर न काढता म्हणायचे, "घट्टं बघून करील त्योच खरा." आई पदरानं तोंड पुसून चुलीकडं परत जायची. आबांपुढं दुसरं वाक्य बोलायची सवय आमच्या घरात कुणालाच नव्हती. मला भाऊ नव्हता, आणि परक्या गड्याच्या हातचं काम आबांना पटत नव्हतं. म्हणून कुंपण आम्ही दोघांनीच घातलं.

कुंपण पाइपांचं होतं. आमच्याकडं तोवर कुंपण म्हणजे बाभळीच्या काट्या, फार तर घायपात. पण लढाई संपली होती, लष्कराचं सामान कुठं कुठं विकायला निघालं होतं, आणि आबांनी जुन्या ओळखीतून लोखंडी पाइप मिळवले. उभे करायचे ते मांडीएवढे जाड, आडवे लावायचे ते मनगटाएवढे. गाड्यांच्या खेपांवर खेपा झाल्या, ओढणाऱ्या बैलांच्या माना सुजल्या. बांधाला पाइपांची रास पडली तेव्हा गाव बघायला लोटलं. कुणी म्हणालं, "हवालदारानं मळ्याचा तुरुंग केला की रं." आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण मिशीखाली त्यांना ते आवडलं होतं. आत आमच्या दोन म्हशी आणि एक गाय मोकळी चरतील, बाहेर गावाचं एक जनावर उसाच्या पानाला तोंड लावणार नाही, असा त्यांचा बेत होता.

काम कसं चालायचं ते सांगते, कारण तशी माणसं आता राहिली नाहीत आणि तसं लोखंडही. खड्डा झाला की आबा आणि मी पाइप खांद्यावर घ्यायचो, ते पुढच्या टोकाला, मी मागच्या. खड्ड्यात उभा केला की मी त्याला मिठी मारून धरायचं आणि आबांनी चारी बाजूंनी ओळंबा लावायचा. मग दगड, चुना-विटकर, पुन्हा दगड, आणि पहारीनं ठेचणं. माघातलं ऊनही दुपारी लोखंडाला असं तापवायचं की मिठी मारणं नको व्हायचं. एकदा माझा हात हलला आणि पाइप बोटभर कलला. आबांनी तो उपसला नाही की ते मला ओरडले नाहीत. "धर," म्हणाले, आणि बिडी ओढून, विहिरीवर पाणी पिऊन, निवांत परत आले. तोवर मी गालापासून पोटापर्यंत भाजत उभी. रात्री आईनं कोरफडीचा गर लावला. माझी नात विचारते, "आजी, मग तू सोडून का नाही दिलास?" तिच्याकडं सोडून द्यायच्या खूप जागा आहेत. आमच्याकडं नव्हत्या.

आणि खरं सांगायचं तर मला ते काम आवडायला लागलं होतं. माधवनगरच्या गिरणीतला एक फिटर दोन दिवस येऊन उभ्या पाइपांना भोकं पाडून, पट्ट्या आणि बोल्ट बसवायचं शिकवून गेला. त्याच्यामागं ते सगळं मी केलं. बोल्ट आवळून झाला की पुढं आलेलं टोक मी घणानं ठोकून चपटं करायची, म्हणजे नट कुणाला फिरवून चोरता येऊ नये. हा आबांचाच हुकूम. शंभरावर बोल्ट मी असे मुके केले. संध्याकाळी वाऱ्यावर पाइपांची उघडी तोंडं घुमायला लागायची, हंऽऽ असा आवाज घरापर्यंत यायचा, आणि आबा भाकरीचा तुकडा मोडता मोडता एकदा म्हणाले, "ताने, काम ब्येस केलंस." त्या एका वाक्यावर मी किती दिवस काढले ते मलाच ठाऊक.

आडव्या तीन ओळी होत्या. खालच्या दोन पाइपांत वीतभर अंतर, वासरू निसटू नये म्हणून. वरच्या दोनांत जास्त, कारण चौथ्या ओळीला पाइप पुरत नव्हते. ते वरचं अंतर आबांनी माझ्या हातानं मोजलं, कोपरापासून मुठीपर्यंत. मग आमच्या गाईचं डोकं त्यातून आत घालून पाहिलं, गेलं आणि आलं. गाय गावठी, आखूड शिंगांची. आमच्या गोठ्यात लांब शिंगांचं जनावर नव्हतंच, त्यामुळं शिंगांचा हिशेब कुणाच्या डोक्यात आला नाही.

लांब शिंगांचं जनावर कुंपणापलीकडं होतं. तो हौशा, माझ्या हिराआत्तीचा बैल. आत्ती आबांची पाठची बहीण, माणदेशात दिलेली. तिचा नवरा मुंबईला कामाला गेला आणि तिथंच दुसरीबरोबर राहिला, तेव्हा ती एका खिलार वासराच्या गळ्यात दोर घालून दहिवडीकडून आमच्या गावापर्यंत चालत आली. आबा तेव्हा लढाईवर होते. आजोबांनी मरायच्या आधी तिला मळ्याशेजारची लांबट पट्टी कसायला दिली, तोंडी. वासराचा बैल झाला. पांढराशुभ्र, लांब चेहरा, शिंगं कपाळावरून सरळ निघून मागं झुकलेली, दीड-दीड हात लांब. एका बैलानं नांगर चालत नाही, म्हणून आत्तीनं पलीकडच्या बाळगोंडाकाकांशी वारंगुळा केला होता: त्यांचा एक बैल, हिचा एक, आणि दोघांची शेतं त्याच जोडीनं पिकायची. हौशा होता म्हणून आत्तीची पट्टी होती आणि पट्टी होती म्हणून आत्ती गावात होती. हे सगळ्यांना माहीत होतं, आबांना सगळ्यात जास्त.

आबांनी तिला जा असं कधी म्हटलं नाही. त्यांनी फक्त कुंपणाची पहिली बाजू तिच्या पट्टीकडून घातली. तिची विहिरीची वाट त्यात बंद झाली. ती घागर घेऊन सगळ्या मळ्याला वळसा घालून जायला लागली. मला हुकूम झाला, "पलीकडं बघायचं न्हाई, बोलायचं न्हाई." आधी मी रोज तिच्या खोपटात जायची. तिच्या हातचं हुलग्याचं माडगं, वर लसणाची फोडणी, तसं आमच्या घरी कधी झालं नाही. आई म्हणायची, माडगं हे दुष्काळातल्या लोकांचं खाणं. असेल. पण आत्ती ते ओतताना वाटीबरोबर आपल्याकडं बघायची, एवढा फरक होता.

गुऱ्हाळ सुरू झालं आणि उसाचं हिरवं वाडं, म्हणजे शेंड्याचा पाला, मळ्यात ढिगानं पडलं. हौशा पलीकडं कडब्याचे बुडखे चघळत उभा असायचा. आत्तीशी बोलायचं नाही असा हुकूम होता, बैलाशी नाही, अशी मी माझी समजूत घातली. तिसऱ्या प्रहरी आबा गुऱ्हाळावर असले की मी चार वाडी घेऊन कुंपणापाशी जायची. पहिल्या दिवशी पाइपांमधून हात बाहेर काढून दिली. मग वाटलं, ह्यानं आत यावं. वाडं थोडं मागं धरलं. हौशानं मान लांब केली, डोकं वरच्या दोन पाइपांमधून आत घातलं आणि माझ्या हातून खाल्लं. आत येताना शिंगं मागं झुकलेली, पाइपाखालून सुरेख सरकली. परत जाताना तीच आडवी झाली.

मी घाबरले, पण उपाय सापडला. मागं ओढायचा नाही. आधी त्याला वाडं दाखवून आणखी पाऊलभर पुढं आणायचा, मग हनुवटीखाली तळहात घालून तोंड खाली आणि माझ्या उजव्या खांद्याकडं वळवायचं. डावं शिंग सुटायचं, मग उजवं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तो माझा हात लागायचीच वाट बघायचा, हात लागला की आपणहून मान सैल सोडायचा. मी त्याला आत यायला शिकवलं. बाहेर जाणं मी स्वतःच करत राहिले, ते त्याला शिकवलं नाही. कारण मला ते आवडत होतं. एवढा मोठा देह माझ्या तळहातावर वळतो, याचा मला गर्व वाटत होता.

त्या दिवशी गुऱ्हाळावरच्या माणसांना भाकरी पोचवून यायला मला उशीर झाला. मळ्याकडून आरडाओरडा ऐकू आला तशी मी पळत सुटले. जाऊन पाहते तर दहा-बारा माणसं. हौशा नेहमीच्या वेळेला नेहमीच्या जागी आला होता, डोकं आत घातलं होतं, आणि मी नव्हते. कुणीतरी "चोर, चोर" म्हणून ढेकूळ मारलं आणि तो बिथरला. बाळगोंडाकाका आणि दोघेजण त्याच्या कमरेला जाड दोराचा सोल बांधून मागं ओढत होते, आणि जेवढं ओढत होते तेवढी शिंगं पाइपाला घट्ट बसत होती. मानेची कातडी सोलली होती. तोंडाला फेस आला होता. आत्ती पलीकडून त्याच्या वशिंडावर हात ठेवून उभी होती आणि सारखं एकच म्हणत होती, "हळू, माज्या राजा, हळू."

बाळगोंडाकाका जैन, मुंगी चुकवून पाय टाकणारे. ते हात जोडून म्हणाले, "हवालदार, वरचा पाइप कापा. जित्या जिवाचं हाय हे."

"पाइप न्हाई कापायचा," आबा म्हणाले. "आज कापला की उद्या समद्या गावाची गुरं माज्या उसात."

"मग बोल्ट तरी काढा."

"निघत न्हाईत त्ये." ते खरंच होतं, माझ्याच हातचं.

"दादा, तुज्या पाया पडते," आत्ती म्हणाली, आणि कुंपणाच्या खालच्या वीतभर फटीतून हात घालून तिनं खरोखरच आबांच्या वहाणेला हात लावला. "शिंग नगं. शिंग गेलं तर त्येला कोन जुपंल? मी कुटं जाऊ?"

"जनावर राखता येत न्हाई तर पाळायचं कशाला? चोराची सवय लावलीस तू त्येला."

"म्या न्हाई लावली, दादा. देवाशपथ न्हाई."

मी पाच पावलांवर उभी होते. पाच पावलं जायचं, त्याला पुढं घ्यायचं, हनुवटीखाली हात, तोंड खाली आणि बाजूला. ज्वारीची भाकरी उलटायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला नसता. पण ते केलं असतं तर सवय कुणी लावली हे त्याच क्षणी सगळ्या गावाला कळलं असतं. आबांचा फौजेचा पट्टा खुंटीला होता आणि तो मला माहीत होता. पण नुसत्या पट्ट्याला मी भ्याले असं आज या वयात लिहिलं तर ते खोटं होईल. मला "काम ब्येस केलंस" हे वाक्य गमवायचं नव्हतं. मी नीच होते म्हणा, लहान होते म्हणा. मी त्या वेळी मनात एवढंच म्हणत होते की दुसरं कुणीतरी काहीतरी करील.

आबांनी लोखंड कापायची करवत मागवली. ती आल्यावर त्यांनी पातं बोटानं तपासलं, नापसंत केलं, दुसरं आणायला माणूस पाठवला. ते येईपर्यंत बिडी पेटवली. नवं पातं बसवलं, तेल लावलं, फडक्यानं पुसलं, पुन्हा लावलं. बैल धापा टाकतोय, आत्ती रडतेय, आणि हा माणूस सावकाश फडक्याची घडी घालतोय. आत्तीला आणखी गयावया करायला लावायचं आहे यांना, असं मला वाटलं, आणि त्या घटकेला मी आबांचा मनापासून द्वेष केला. द्वेष करणं सोपं होतं, त्याला पाच पावलं चालावं लागत नव्हतं.

मग त्यांनी वळून पाहिलं. "ताने, म्होरं यी. डावं शिंग धर."

मी गेले. तीच पाच पावलं. माझा वास येताच हौशा थांबला. सगळ्या अंगाची थरथर थांबली. त्यानं ओलं नाकाड माझ्या पदरात खुपसलं आणि तो वाडं हुडकायला लागला. मिळालं नाही तेव्हा त्यानं मान सैल सोडली, रोज सोडायचा तशी, माझा तळहात हनुवटीखाली येईल म्हणून. मी दोन्ही हातांनी शिंग धरलं. वर मान केली तर आत्ती माझ्याकडं बघत होती. तिचं रडं थांबलं होतं. बैल असा कुणापाशी शांत होतो हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिनं एक शब्द जरी उच्चारला असता तर बरं झालं असतं, मला वाचवायला ती गप्प राहिली हे मी पुढं कित्येकदा स्वतःला सांगून पाहिलं आहे आणि त्यानं काडीचंही बरं वाटलेलं नाही.

शिंग आधी लाकडासारखं कापतं. भुसा पडतो, जळक्या नखांचा वास येतो. मग आत जिवंत लागतं. ते लागल्यावर हौशानं जो आवाज काढला तो मी लिहू शकत नाही. रक्त सरळ रेषेत उडालं, माझ्या कपाळावर, डोळ्यांत. मी शिंग सोडलं नाही. आबा म्हणाले, "घट्ट," आणि मी घट्ट धरलं. तुकडा माझ्या हातात आला तेव्हा तो गरम होता. बैल मोकळा होऊन मागं कोसळला, मग उठला, आणि डोकं एका बाजूला कलतं धरून उभा राहिला. आत्तीनं हळद आणि चुना दाबला, फाडलेल्या लुगड्याची पट्टी बांधली. पाइपावर ओरखडासुद्धा नव्हता. आबांनी फडक्यानं तो पुसला.

जखमेत किडे पडले. आत्ती तंबाखूच्या पाण्यानं धुवायची, करंजाचं तेल सोडायची. बाळगोंडाकाकांनी पंधरा-वीस दिवस वाट पाहिली, मग डोळे पुसत दुसऱ्या एकाशी वारंगुळा केला. त्यांना दोष देत नाही, त्यांच्याही जमिनीला नांगर हवा होता. मोडक्या शिंगाच्या बैलाशेजारी आपला बैल जुपायला गावात दुसरं कुणी तयार होईना, अपशकुन म्हणायचे. आत्तीची पट्टी नांगरल्यावाचून राहिली. बेंदराला, बैलांच्या सणाला, अजून महिना होता तेव्हा एका सकाळी तिनं बोचकं हौशाच्या पाठीवर टाकलं आणि माणाकडं निघाली. त्या मुलखात तिचं कुणी उरलं नव्हतं. मी कुंपणाच्या आत उभी होते. तिनं जाताना हात केला नाही, आणि मीही हाक मारली नाही. त्यानंतर ती मला कधी भेटली नाही. सासरी असताना एकदा कानावर आलं की ती गेली. बैलाचं काय झालं ते सांगणाऱ्याला माहीत नव्हतं.

ती निघाली त्याच दिवशी दुपारी आबा जेवायला बसले. आई विहिरीवर होती. मी वाढत होते. आबांनी भाकरी कुस्करली, आमटी ओतून घेतली, दोन घास खाल्ले आणि ताटातून नजर न उचलता म्हणाले, "त्या बैलाला तू रोज वाडं घालत हुतीस."

मी पळी आमटीच्या पातेल्यात ठेवली.

"गुऱ्हाळावरनं समदं दिसतं," ते म्हणाले. "डोस्कं कसं काढतीस त्ये बी बघितलं हुतं. हनवटीखाली हात घालून. त्या दिशी म्या लय वेळ थांबलो, ताने. म्हनलं, यील पोर म्होरं. पातं बदाललं, त्याल लावलं. शिंग धराया तुलाच बोलावलं, म्हनलं, आता तरी काढंल. काढलं आसतंस तर म्या एक शबुद बोललो नसतो."

ते खरं बोलत होते की पट्ट्यापेक्षा मोठी शिक्षा त्यांना सापडली होती, हे मला आज ऐंशीच्या घरातही ठरवता येत नाही. त्यांना सगळं दिसत होतं, तर त्यांनीच का नाही हनुवटीखाली हात घातला, हा प्रश्न मला वीस वर्षांनी सुचला, आणि तोवर आबा नव्हते. त्या दुपारी त्यांनी वाटी पुढं केली आणि मी आमटी वाढली, ते बास म्हणेपर्यंत.